इग्बो ‘ओफे’: तीन राज्यांचे तीन पाहुणे आणि पातेलं एकच

सुगरणीचा खोपा
लागोसहून लिहितेय. येत्या शनिवारी ऑफिसातले तिघे जेवायला येणार आहेत. तिघेही इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातले. आजवर त्यांना पुलाव, छोले, पुरणपोळी सगळं खाऊ घालून झालंय. पुरणपोळी त्यांना आवडली. बाकीच्यावर ‘छान आहे, तिखट घालायला विसरलीस का?’ एवढाच शेरा मिळाला. आता त्यांनी आव्हानच दिलंय, की या वेळी आमचं काहीतरी करून दाखव.

गोची अशी की एक अनांब्रातल्या न्नेवीची, एक इमोतला ओवेरीजवळचा आणि एक अबियातल्या उमुआहियाची. डबा खाताना सहज विचारलं, ‘कुठलं ओफे करू?’ (नवीन मंडळींसाठी: ओफे म्हणजे फुफू, एबा वगैरे गोळ्याबरोबर खायचं दाटसर कालवण. सगळे इंग्रजीत सूप म्हणतात, पण पिण्यातलं नव्हे.) न्नेवीची म्हणाली ओफे ओनुग्बू, म्हणजे कडू पानांचं. ओवेरीवाला म्हणाला जगात ओफे ओवेरी सोडून बाकी सगळं आजाऱ्याचं जेवण. उमुआहियाची म्हणाली ओकाझीची पानं आणि आची लावलेलं कर, या दोघांना काय कळतंय. जेवणाची सुट्टी संपली तरी भांडण चालूच होतं.

माझं निरीक्षण असं, की नावं पानांवरून पडली असली तरी खरा फरक रस्सा दाट कशानं करतात यात आहे. अनांब्रात ओनुग्बूला ‘एदे’, म्हणजे अळकुडी उकडून कांडून लावतात. न्साला नावाच्या ओफेला कांडलेल्या यामचा गोळा (आपल्या कोनफळाचा पांढरा भाऊ). अबियाकडे आची, म्हणजे एका झाडाच्या बियांचं पीठ. शिवाय एगुसी, ओग्बोनो या बियाही आहेतच. दाटपणा बदलला की चव, रंग, गोळा उचलताना लागणारं बोट, सगळंच बदलतं. पटतंय का? आणि मुख्य म्हणजे, तिघांना चालेल असं एक पातेलं निघेल का?

नागपुरी तर्री
तिघांना तीन वेगवेगळ्या शनिवारी बोलवा. प्रश्न मिटला.
बाकी तिखट कमी म्हणाले? माणसं आपली आहेत.

इमोची सून
धाग्यावर यावंच लागलं. मी पुण्याची, राहते लंडनला, सासर ओवेरीचं.

खोपाताई, तुमचं दाटपणाचं म्हणणं इथेच अडतं बघा. ओफे ओवेरीलाही एदेच लावतात आणि ओनुग्बूलाही एदेच. मग दोन्ही एक का नाहीत? फरक पानांचाच आहे. ओवेरीत ओकाझी आणि उगू अशी दोन पानं पडतात. ओकाझी चिवट असते, ती इतकी बारीक चिरायची की चिमटीत धरली तर चहाची पत्ती वाटावी. उगू म्हणजे एका भोपळ्याच्या वेलाची पानं, मऊ. ती शेवटी. ओनुग्बूत मात्र कडू पानं, चोळून चोळून धुतलेली.

दुसरी गोष्ट म्हणजे ओफे ओवेरीत पाणी नावालाच. गोमांस, शेळीचं मटण, आतडी, गोगलगायी, सुका मासा, ओक्पोरोको (नॉर्वेचा वाळवलेला कॉड) एवढं सगळं पातेल्यात आणि रस्सा फक्त त्यांना धरून ठेवण्यापुरता. नायजेरियात गमतीनं म्हणतात की खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यानं ओफे ओवेरीच्या वाटेला जाऊ नये. सासूबाई पाहुणे गेल्यावर कधी ‘जेवण कसं झालं’ विचारत नाहीत, ‘मांस दिसत होतं ना?’ विचारतात.

बंदरावरचा
मी जहाजावर असतो, पोर्ट हारकोर्टजवळच्या ओने बंदरात बऱ्याचदा मुक्काम पडतो. मालवणचा असल्यानं मला तिथल्या बाजारात कधी परकं वाटलं नाही. ते ज्याला ‘क्रेफिश’ म्हणतात तो सुकवलेला बारीक कोळंबीचा प्रकार, आमच्या सुकट-जवळ्याच्या जातीचा. तो कुटून जवळजवळ प्रत्येक ओफेत जातो. बायका डोंगरासारखे ढीग लावून बसतात आणि वास दोन गल्ल्या आधी लागतो. आमच्या जहाजावरचा पंजाबी सेकंड इंजिनियर नाकाला रुमाल लावून उभा आणि मी पिशवी भरतोय.

माझं मत दोघींपेक्षा वेगळं. पान नाही, दाटपणा नाही, पाणी बघा. गाव नदीकाठी आहे की आत? ओफे न्साला अनांब्राचंच, पण मुख्यतः नायजर नदीच्या काठच्या लोकांचं. ताजा मांगूर जातीचा मासा, यामचा गोळा, उताझीची थोडी कडवट पानं, उझिझा, आणि पाम तेल अजिबात नाही. म्हणून तर त्याला पांढरं सूप म्हणतात. नदीपासून लांब गेलात की ताजा मासा कमी आणि सुका, धुरावलेला जास्त. मी ओनुग्बू खाल्लंय ते सुक्या माशाचंच, आणि तेच बरं लागतं.

निरामिष
हे सगळं शाकाहारी होऊ शकतं का? प्रामाणिक प्रश्न आहे.

नागपुरी तर्री
होऊ शकतं. पातेल्यातून सगळं काढून टाका, पानं उरतील.

दापोलीकर
शेतकी शिकलोय म्हणून थोडं वनस्पतींबद्दल. रेसिपी बाकीचे देतीलच.

एदे म्हणजे आपली अळकुडी, आणि तिच्या जोडीला अमेरिकेतून आलेली तिची एक नातेवाईक. दोन्हींना तिकडे कोकोयाम म्हणतात. ओकाझी हे नेटम नावाच्या वेलाचं पान. या वेलाला खरं फूल येत नाही, वंशावळीत तो पाइन-देवदारांच्या बाजूचा. सह्याद्रीत त्याचा एक चुलतभाऊ वेल आहे, पण त्याची पानं खाल्लेली मी पाहिली नाहीत. उझिझा मिरीच्या वेलाच्या कुळातलं, म्हणून पानालाही मिरीचा झणका. ज्याला इंग्रजीत सेंट लीफ आणि इग्बोत न्चान्वू म्हणतात ती आपली रानतुळस, अगदी तीच जात. एगुसी हे कलिंगडाच्या अगदी जवळच्या फळाचं बी.

ओगिरी या मसाल्याबद्दल मात्र सावधगिरीची सूचना. इग्बो ओगिरी परंपरेनं एरंडाच्या बिया खूप वेळ उकळून, पानात बांधून, आंबवून करतात. कच्चा एरंड विषारी असतो. ते काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या बायकाच करतात. कुणी उत्साहानं घरी एरंड उकळायला घेऊ नका, तयार विकत आणा. वास उग्र असतो, पण नखाएवढं घातलं तरी रस्सा उभा राहतो.

सुगरणीचा खोपा
दापोलीकर, ओगिरीची पुडी आणलीय. फ्रिजमध्ये तीन डब्यांच्या आत ठेवली, तरी नवऱ्यानं सकाळी विचारलं, ‘दूध नासलंय का?’

जुनं खोड
धागा वाचून बरं वाटलं. माझं लहानपण न्सुक्काला गेलं. १९७०च्या दशकात भारतातून बरेच शिक्षक नायजेरियात गेले, त्यात वडील होते. न्सुक्काचं विद्यापीठ १९६० साली सुरू झालेलं, मधल्या बियाफ्राच्या यादवी युद्धात बरंच मोडलेलं, तेव्हा पुन्हा उभं राहत होतं.

तुम्ही सगळे अनांब्रा, इमो, अबिया एवढ्यातच फिरताय. आग्नेय नायजेरियात पाच राज्यं आहेत बाबांनो. एनुगू आणि एबोन्यी कुठे गेली? शिवाय नायजरच्या पलीकडे असाबाकडचे इग्बो वेगळेच. आणि एनुगूकडची ओळख ओफेनं होतच नाही, ती होते ओक्पा (केळीच्या पानात वाफवलेलं पिठाचं), फिओ-फिओ आणि अचिचानं.

फिओ-फिओ म्हणजे आख्खी तूर. होय, आपलीच तूर, न भरडलेली. ती तासन्‌तास शिजवून त्यात याम किंवा अळकुडी घालतात, वरून पाम तेल, कांदा, मिरची. अळकुडी वाफवून, वाळवून वर्षभर ठेवतात, ती अचिचा. पावसाळ्यात नवीन पीक हाती यायच्या आधी हे वाळवण कामाला येतं. आई बाजारातून फिओ-फिओ आणायची आणि गूळ नाही म्हणून साखर घालून आमटी करायची. शेजारची बाई एकदा चव घेऊन म्हणाली, ‘एवढं पाणी कशाला? आणि गोड कशाला?’ आईनं तिच्या घरचं खाल्लं तेव्हा म्हणाली, ‘एवढं तेल कशाला?’ दोघींची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

न्सुक्काची पिवळी मिरची ही आणखी एक गोष्ट. तिला स्वतःचा सुगंध असतो. लागोसला मिळाली तर खोपाताई, पदार्थ कुठलाही असो, ती घाला. उमुआहिया, न्नेवी, ओवेरी, कुणीही तक्रार करणार नाही.

निरामिष
काका, हे तर सगळं शाकाहारी आहे! तर्रीसाहेब ऐकताय ना?

नागपुरी तर्री
ऐकतोय. काका बोलायला लागले की आम्ही उभे राहून ऐकतो.

आक्राची अक्का
घानातून नमस्कार. इग्बो मंडळी दाटपणावर भांडतात, आमच्याकडे पातळपणावर. इथलं लाइट सूप म्हणजे टोमॅटो, मिरची, कांदा, मांस किंवा मासा, सरळ पाण्यासारखं. त्याच्यात फुफूचा गोळा बुडवलेला असतो, एकाच वाडग्यात. नायजेरियात गोळा वेगळ्या ताटलीत आणि ओफे वेगळ्या. मी पहिल्यांदा लागोसला जेवले तेव्हा गोळा उचलून सरळ कालवणात टाकला, सगळे बघतच राहिले.

गोळासुद्धा एक नाही. इथे फुफू कसावा (साबुदाण्याचा कंद) आणि हिरव्या केळ्याचं कांडून करतात. इग्बोंचं अक्पू आंबवलेल्या कसावाचं, एबा गारीचा (किसून, आंबवून भाजलेल्या कसावाचा रवा), आणि याम कांडला तर तो मानाचा. नैर्ऋत्येच्या योरुबांकडे अमाला, वाळवलेल्या यामच्या पिठाचा, तपकिरी काळसर, बरोबर एवेडू (तागाची पानं घोटून) आणि ग्बेगिरी (चवळीचं गुळगुळीत वरण). उत्तरेत हौसांकडे तांदळाचा किंवा ज्वारी-बाजरीचा तुवो आणि बाओबाबच्या वाळलेल्या पानांच्या पुडीचं मियान कुका. एकाच देशात एवढं.

आणि जोलोफ भात (टोमॅटोत शिजवलेला मसालेदार) आमचाच चांगला.

सुगरणीचा खोपा
अक्का, हे शेवटचं वाक्य लागोसमध्ये म्हणू नका.

बंदरावरचा
डाकारला बंदरात सेनेगलवाले दोघांनाही हसतात. त्यांचं म्हणणं मुळात भात-मासा त्यांचा, वोलोफ लोकांचा, बाकी सगळ्या नकला. त्या भात-माशाला, त्यांच्या चेबु जेनला, २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागाही मिळाली. तेव्हापासून तर बोलायलाच नको.

संपादक
जोलोफसाठी स्वतंत्र धागा आहे, चारशे प्रतिसादांनंतर तो बंद करावा लागला होता. इथे नको.

ह्यूस्टनकरीण
ह्यूस्टनमध्ये नायजेरियन वस्ती मोठी आहे, आमच्या गल्लीत दोन इग्बो कुटुंबं. आफ्रिकन दुकानात ओहा (एका झाडाची पानं) आणि ओनुग्बू फ्रोझन मिळतात, ओकाझी वाळलेली. ती कोमट पाण्यात भिजवली तरी चिवटपणा जात नाही, मिक्सरला जरा फिरवावी लागते. आणि इकडे सगळ्यांच्या घरात सेमो. सेमो म्हणजे बारीक दळलेला रवा, उकळत्या पाण्यात घोटलेला. माझ्या सासूबाईंनी बघून विचारलं, ‘यांचा उपमा फोडणी न घालताच का?’

एगुसी संपलं की मी मगज बी वाटून घालते. चव अगदी तशी नाही, पण शेजारीण चमचा चाटून ‘चालेल’ म्हणाली, आणि ती सहज म्हणणारी नाही.

मुद्द्यावर यायचं तर इथल्या पार्ट्यांत हे राज्याराज्याचे भेद पुसट होत चाललेत. डब्यात बघावं तर एगुसी नाहीतर जोलोफ. ओनुग्बू, न्साला आजी-आजोबा आले की. खोपाताई, एगुसी करा. सगळ्यांना माहीत, कुणाचंच नाही.

नागपुरी तर्री
म्हणजे लग्नातलं पनीर बटर मसाला.

इमोची सून
तर्री, हे मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. हसून हसून खोकला लागला त्यांना.

पण एगुसीला ‘कुणाचंच नाही’ म्हणू नका. योरुबा एगुसीचे गोळे राहतील असं करतात, इग्बो बऱ्याचदा पाम तेलात परतून किंवा नुसतं रश्श्यात शिजवून, त्यात ओनुग्बू किंवा उगू. आणि अबियात न्ग्वा लोकांकडे अचारा नावाचं ओफे असतं: उंच गवताचे कोवळे कोंब, आणि त्यात एगुसीचे मळून केलेले गोळे. मांसासारखे लागतात. निरामिष, हे तुमच्यासाठी लिहितेय.

आता मी स्वतःच माझ्या ओवेरीच्या बाजूला सुरुंग लावते. आमच्या ‘ओवेरी’च्या घरात सर्वांत जास्त होणारं ओफे हे अचारा आहे. कारण सासूबाई माहेरच्या न्ग्वा. इग्बोंमध्ये आपल्याच भावकीत लग्न करत नाहीत, मुलगी दुसऱ्या गावी जाते आणि हात बरोबर घेऊन जाते. नवऱ्याला विचारलं की तुमच्या गावचं ओफे कुठलं, तर तो छाती फुगवून ओफे ओवेरी म्हणतो, आणि आईला फोन करून अचारा मागतो. मग राज्याचं ओफे कुठलं आणि आईचं कुठलं?

जुनं खोड
सूनबाई, हे फार खरं बोललात. न्सुक्कातही शेजारपाजारच्या घरात पातेलं बघून बाई कुठली ते ओळखता यायचं, पुरुष कुठला ते नाही.

दापोलीकर
मान्य, पण जमीन आणि व्यापारही विसरू नका. ओहा हे झाड आहे, अंगणात, कुंपणाला लावतात, त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या दारात. ओनुग्बूचं झुडूपही तसंच. ओकाझी मात्र रानातला वेल. आता मागणी इतकी की रानं ओरबाडली गेली आणि बराचसा माल कॅमेरूनमधून येतो. तिकडे हेच पान ‘एरू’ म्हणून खातात, आणि कालाबारकडचे एफिक-इबिबियो लोक ‘अफांग’ म्हणून. तिथे त्याच्याबरोबर वॉटरलीफ ही पाणीदार पालेभाजी भरपूर घालतात, दाट करायला वेगळं काही लागत नाही. तेच पान उमुआहियात आचीबरोबर, ओवेरीत एदेबरोबर, कालाबारला नुसत्या पानांच्या राशीत. म्हणजे खोपाताईंचं म्हणणं इथे पुन्हा उभं राहतं.

बंदरावरचा
आणि ओक्पोरोको? ना जमीन, ना रान. नॉर्वेतल्या लोफोतेनच्या थंड वाऱ्यात लाकडी मांडवांवर मिठाशिवाय वाळवलेला कॉड, तो इग्बोंच्या पातेल्यात. आधीही येत होता, पण बियाफ्राच्या युद्धात, १९६७ ते ७०, उपाशी लोकांसाठी मदत म्हणून आला आणि घरोघर पोचला. न सडणारं, वजनाला हलकं प्रथिन. आजही माशांची डोकी मोठ्या प्रमाणात नायजेरियालाच जातात. दोन रुपये कमी करायला मी तासभर घासाघीस केली होती, विक्रेती म्हणाली, ‘हे लाकूड नाही, नॉर्वे आहे.’

जुनं खोड
त्या युद्धाबद्दल आमच्या शेजारी कुणी जेवताना बोलत नसे. पण ओक्पोरोको भिजत घातला की आजी मुलांना हात लावू द्यायची नाही, एकेक तुकडा मोजायची.

इमोची सून
थोडं अवांतर, पण अन्नाशीच संबंधित. माझ्या बाळंतपणात ‘ओमुग्वो’ होतं. आपल्याकडे मुलगी माहेरी जाते, त्यांच्यात आई मुलीच्या घरी येते, आणि पहिला मान मुलीच्या आईचा. म्हणून माझी आई पुण्याहून अळीव, डिंक, खारीक घेऊन आली. सासूबाईंची पाळी नंतरची, पण त्यांना धीर कुठला. त्याही आल्या, पिशवीत उदा (मसाल्याच्या शेंगा), उझिझाच्या बिया, उताझी आणि सुका मासा. करायचं होतं ‘जी म्मिरी ओकू’, म्हणजे यामचे तुकडे घातलेलं गरम, पातळ, झणझणीत पाणी. बाळंतिणीचं पोट साफ होतं, दूध येतं, अशी श्रद्धा.

आई म्हणाली बाळंतिणीला इतकं तिखट? सासूबाई म्हणाल्या बाळंतिणीला इतकं तूप? मी मधे उशीला टेकून. शेवटी ठरलं: सकाळी आईचं, संध्याकाळी सासूबाईंचं. तिसऱ्या दिवशी आई स्वैपाकघरात उदाची शेंग हुंगत उभी, ‘हे जरा सुंठेच्या काढ्यात घालून बघू का?’

निरामिष
वा! आणि घातली का?

इमोची सून
घातली. कडू झाला. दोघींनी मिळून मला प्यायला लावला.

सुगरणीचा खोपा
उत्तरं देते. या दोन दिवसांत ऑफिसातही मतमोजणी झाली.

सूनबाईंचा आक्षेप ओवेरी-अनांब्रापुरता पटला, पण उमुआहियाची माझी मैत्रीण कुठल्याही ओफेत बोट घालायच्या आधी ‘याला लावलंय काय?’ हेच विचारते, पानं कुठली ते नाही. आचीचं पीठ हाताळायचं कसं हेही तिनं दाखवलं. ते रश्श्यात सरळ टाकलं की गाठी झाल्याच. आधी थोड्या पाम तेलात किंवा थंड पाण्यात सैल करायचं. तेव्हा मी माझं म्हणणं सोडत नाही.

शनिवारी ओफे ओहा करणार. अनांब्रात आणि इमोत दोन्हीकडे घरोघर होतं, उमुआहियाचीलाही ते परकं नाही, आणि ओनुग्बूसारखं पानं धूत बसायला नको. (ते मी एकदा करून बघितलंय. घमेल्यात हिरवा फेस येईपर्यंत चोळायचं, पाणी फेकायचं, परत चोळायचं. हात दोन दिवस कडू.) काल माइल ट्वेल्व्हच्या बाजारातून एदे आणि ओहा आणलं. एदे सालासकट उकडून, सोलून, खलबत्त्यात कांडून बघितलं. आधी ठिसूळ असतं, मग अचानक चिकट होऊन मुसळाला धरतं. त्याचे लिंबाएवढे गोळे उकळत्या रश्श्यात पाम तेलाबरोबर सोडायचे. गोळे दिसेनासे झाले की दाटपणा आला, मग पानं.

ओहाच्या बाबतीत तिघांचंही एकमत निघालं, आणि ते ऐकून मीच दचकले. पान सुरीनं चिरायचं नाही. हातानं तोडायचं, नाहीतर काळं पडतं. आणि ओहा पडल्यावर दोनतीन मिनिटांत आच बंद.

आता बातमी अशी: न्नेवीची म्हणाली मी ‘मदतीला’ तीन तास आधी येते. ते कळल्यावर ओवेरीवाला म्हणाला मग मीही येतो, ओक्पोरोको मी आणतो, तू आणलास तर कमी आणशील. आणि उमुआहियाची वेगळ्या डब्यात आची घेऊन येणार, ‘लागलंच तर’.

नागपुरी तर्री
म्हणजे तुम्ही बाहेर बसून वरणभात खा.

ह्यूस्टनकरीण
फोटो टाका. तिघांच्या चेहऱ्यांचे नको, पातेल्याचा.

आक्राची अक्का
गोळा कुठला करणार ते सांगितलंच नाहीत. त्यावरून वेगळी भांडणं होतील.

सुगरणीचा खोपा
कांडलेला याम करायचा तर उखळ लागेल आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील. एबा करतेय. गारी पिवळी की पांढरी हे मात्र अजून विचारलेलं नाही, मुद्दाम.

निरामिष
तेवढ्यात काका, ओक्पाची कृती मिळेल का? नागपूरच्या दुकानात काय शोधायचं?

जुनं खोड
नागपुरात मिळणं कठीण. बांबारा नट म्हणून एक शेंग असते, भुईमुगासारखी जमिनीत येणारी, तिचं पीठ लागतं. लागोसहून कुणी येणारं असेल तर दोन किलो मागवून ठेवा.

पीठ चाळून घ्या. त्यात पाम तेल घालून हातानं चोळा, पीठ सारखं पिवळं दिसेपर्यंत. मीठ, बारीक वाटलेली मिरची. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत सैल करा, घावनाच्या पिठापेक्षा जरा पातळच. पातळ आहे म्हणून घाबरू नका, वाफेवर ते घट्ट होतं. केळीच्या पानाचे द्रोण करून त्यात ओतायचं, तोंड बांधायचं आणि झाकण घट्ट लावून पाऊण ते एक तास वाफवायचं. पान आधी विस्तवावर शेकून घ्या, नाहीतर दुमडताना फाटतं. एनुगूच्या वाटेवर नाइन्थ माइलला बस थांबली की खिडकीशी बायका गरमगरम घेऊन यायच्या, आम्ही सुटे पैसे हातातच धरून बसायचो.

नागपुरी तर्री
काका, पाम तेलाऐवजी जवसाचं चालेल का?

जुनं खोड
नाही. आणि तर्रीही ओतू नका.